निया धूर, काया धूर

पिकअप आजारी आहे हे मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. तो पुढे बसलेला असतो आणि धूर मागे असतो. आधी कळतं मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला, मग चहाच्या टपरीला, मग गल्लीला. शेवटी एक दिवस जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या बसस्टँडजवळ कोणीतरी हात आडवा करून गाडी थांबवतो आणि खिडकीत डोकं घालून विचारतो, "का हो भो, निया धूर मारू राह्यली का काया?"

इथल्या लेवा बोलीत ळ टिकत नाही, त्याचा य होतो. जळगाव जयगाव होतं, केळी केयी होते आणि गाडीचा धूर निया किंवा काया होतो. बोलीत ळ सैल सुटला असला तरी रंगाच्या बाबतीत माणसं पक्की आहेत. काया म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. एअर फिल्टर झटका, नोझल दाखवून आणा, भागतं. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरलंय. निया मात्र वाईट. तो निघाला की पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, लायनर झिजलंय, नाहीतर व्हॉल्वच्या गाइडमधून ऑइल खाली उतरतंय आणि इंजिन डिझेलच्या जोडीला ऑइलही पितंय असं समजायचं. निया धूर म्हणजे इंजिन खोलायचं.

मालक हे पहिले दोन महिने मान्य करत नाही. तो सीटमागे ऑइलचा डबा ठेवतो. सकाळी देवाला दिवा लावावा तसा काडी काढून ऑइल बघतो, अर्धा लिटर ओततो आणि "थंडीमुळे असंल" म्हणतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतानाही तो थंडीमुळेच म्हणतो. मग कोणीतरी जाणता माणूस चालू इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण काढतो, तिथून भकाभका वाफारा येतो, आणि तो नुसतं एवढंच म्हणतो, "बॅक मारते." म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांना न जुमानता खाली ऑइलच्या घरात घुसतोय. त्यानंतर जमलेला प्रत्येक जण त्या भोकावर एकदा तळहात धरून बघतो. डॉक्टरने सांगितल्यावरही नातेवाइकांनी पेशंटच्या कपाळाला हात लावून पाहावा तसं.

गाडीचाही फार दोष नसतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या पिकअपला सुट्टी अशी नाहीच. केळीची मृगबाग आहे, कांदेबाग आहे. एकीची कापणी सरते तोवर दुसरीची उभी राहते. शेतातून घड भरायचे, मधे पानं पसरायची, बांधावरून पहिल्या गिअरमध्ये कण्हत बाहेर काढायचे. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरच्या फटीतून आत गेली की पॉलिश पेपरचं काम करते. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी जातं, त्याचा क्षार आतल्या नळ्यांत भांड्याच्या बुडासारखा धरतो, इंजिन तापतं, तापलं की हेड वाकतं. रेडिएटरला चांगलं पाणी किंवा कूलंट घाला असं कंपनी सांगते. पण पिकअप जिथे तापते तिथे बोअरच असतं.

आता गाडी गॅरेजला का नाही टाकत? टाकतात ना. पण गॅरेजमधल्या रांगेत आपला नंबर कधी लागेल ते गॅरेजवाल्यालाही ठाऊक नसतं, आणि केळीचा भाव थांबत नाही. घरी खळं आहे, कडुनिंबाची सावली आहे, मिस्तरी ओळखीचा आहे, तो सांजच्याला येऊन काम करून देतो म्हणाला आहे. शिवाय घरी इंजिन खोललं की डोळ्यांसमोर राहतं. हे शेवटचं कारण खरं. बाकीची लोकांना सांगायची.

आणि हे घरी जमतं, कारण इंजिनाचं घराणंच तसं आहे. महिंद्राच्या जुन्या डीआय पिकअप-बोलेरोत जे 2523 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, त्याचं मूळ शेतातलं. 1963 साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रा आणि व्होल्टासने ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-275 ट्रॅक्टर इथे बनू लागला. त्या घराण्याचं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये आलं, जीपमधून पिकअपमध्ये. मापं काढून बघितली की वंशावळ हाताला लागते. बोअर 88.9 मिलिमीटर, स्ट्रोक 101.6 मिलिमीटर. असे विचित्र आकडे का? कारण ते मिलिमीटर नव्हेतच. ते साडेतीन इंच आणि चार इंच आहेत. दशमान पद्धत आपल्याकडे 1950च्या दशकातच आली, शाळेत शिकून झाली, वजनकाटे बदलले. पण पिकअपच्या पोटात इंच अजून तसाच बसून आहे.

ट्रॅक्टरचं इंजिन म्हटल्यावर फैजपूरचा शेतकरी बिचकत नाही. त्याच्या आजोबांनी विहिरीवरचं ऑइल इंजिन हँडल मारून चालू केलेलं असतं, बापाने त्याची नोझल दगडावर बसून साफ केलेली असते. किर्लोस्करांनी पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 साली काढला. त्यानंतर मोटरपंप येईपर्यंतच्या पिढ्यांचं डिझेल-शिक्षण विहिरीच्या काठावर, फुकटात झालं. नव्या बीएस-6 गाडीचं बॉनेट उघडलं की मात्र हाच माणूस गप्प होतो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या गाडीत सेन्सर आहेत, संगणक आहे, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे लॅपटॉप जोडल्याशिवाय दिसत नाही. लॅपटॉपला पाइप लावून जोर देता येत नाही. जुन्या इंजिनाला येतो.

काम सुरू होतं ते मुहूर्ताने. मुहूर्त पंचांगात नसतो, तो कापणीत असतो: या बागेची कटिंग गुरुवारी संपते, पुढची सोमवारनंतर, म्हणजे मधले चार दिवस. मिस्तरी म्हणतो, चार दिवस भरपूर झाले. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढे त्याच्यावरून भांडण होणार असतं.

पहिला प्रश्न इंजिन वर काढायचा. सगळा लोखंडी गोळा दोन-अडीच क्विंटलचा. क्विंटल म्हटलं की इथे कोणाला घाम फुटत नाही, पण केळीचा क्विंटल घडाघडाने उचलता येतो, हा एकदमच उचलावा लागतो. चेन-कप्पी मागून आणतात. ती कशाला टांगायची यावर पाऊण तास जातो. कडुनिंबाच्या फांदीला असं एक पक्ष म्हणतो. फांदी मोडली तर इंजिन, गाडी आणि फांदीखालचा मिस्तरी असं तिहेरी नुकसान आहे असं आजोबा म्हणतात. शेवटी तीन मजबूत बल्ल्यांची तिवई उभी राहते, वर दोराचे फेरे, मधोमध कप्पी.

गावाला याची सवय जुनी आहे. 1936च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. नेहरू अध्यक्ष होते आणि गांधीजींचा आग्रह होता की सगळं गावात मिळणाऱ्या सामानातूनच उभं करायचं. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि बांबू-चटयांतून त्यांनी अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली, त्यामुळे धुराचा रंग कोणता हा प्रश्न त्या दिवशी आला नाही. पण बल्ल्या, दोर आणि दहा सल्ले यांच्या जोरावर मोठी वस्तू उभी करता येते हे गावाने तेव्हाच पाहिलेलं आहे. इंजिन वर निघतं, हवेत हळूच गिरकी घेतं, आणि मुलं टाळ्या वाजवतात.

इथून पुढे घर मालकिणीचं राहत नाही. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून पार्ट डिझेलमध्ये धुतात, आणि धुवायला पसरट भांडं लागतं. घरात पसरट भांडं एकच असतं, ते म्हणजे परात. "जुनीच घेतली" असं सांगून नेलेली परात जुनी नव्हती हे तिसऱ्या दिवशी कळतं. नट-बोल्ट दिवाळीच्या फराळाच्या डब्यांत जातात. चकलीच्या डब्यात हेडचे, शंकरपाळ्यांच्या डब्यात ऑइल पॅनचे. पिस्टन केळीच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून. कॅमशाफ्ट लांब असतो, तो कुठेच मावत नाही, म्हणून पलंगाखाली. जुनं सुती लुगडं पुसायला. बोल्टचे आटे घासायला कोणाचा तरी दात घासायचा ब्रश, आणि तो कोणाचा होता हे त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उमजतं.

कनेक्टिंग रॉड काढताना मात्र मिस्तरी एकदम शिस्तीचा होतो. प्रत्येक रॉड आणि त्याची खालची टोपी कारखान्यात एकत्र जोडून छेदलेली असते. एकाची टोपी दुसऱ्याला लावायची नाही, उलटी लावायची नाही. तो पंच मारून एक, दोन, तीन, चार टिंबं देतो. बाकी सगळं त्याच्या अंदाजावर चालतं, ही टिंबं मात्र तो दोनदा मोजतो.

दुसऱ्या दिवसाचं सगळ्यांत सुंदर काम म्हणजे व्हॉल्व घासणं. हेडमध्ये व्हॉल्व जिथे टेकतो ती कडा आणि व्हॉल्वची कडा एकमेकींना इतकी नीट बसली पाहिजे की मधून दाब निसटता कामा नये. मधे वाळूसारखी करकरीत पेस्ट लावायची, व्हॉल्वच्या तोंडाला रबरी टोपीची काठी चिकटवायची, आणि ती काठी दोन तळहातांत धरून फिरवायची, पुढे-मागे, पुढे-मागे. मधूनच उचलायचं, थोडं फिरवून पुन्हा टेकवायचं. आठ व्हॉल्व, एकेकाला दहा-पंधरा मिनिटं. मिस्तरीचा पोऱ्या तिसऱ्यालाच दमतो. ओट्यावरून हे बघत बसलेली आजी उठते, पदर खोचते आणि काठी हातात घेते. तिने पन्नास वर्षं रवीने ताक घुसळलेलं असतं. मनगट ढिलं, जोर सारखा, आवाज एका लयीत. ती थांबते तेव्हा व्हॉल्वच्या कडेवर सगळीकडे सारख्या रुंदीची करडी रेघ उमटलेली असते. हेड उलटं करून वर डिझेल ओततात आणि बघतात, थेंबसुद्धा खाली झिरपत नाही. मिस्तरी काहीच बोलत नाही. उरलेले पाच व्हॉल्व तो आजीपुढे सरकवतो.

घरी जे होत नाही ते एकच, मशिनचं काम. क्रँक घासायचा, ब्लॉकचे लायनर बदलायचे, हेड सपाट करायचं, तर लेथवाल्याकडे जावं लागतं, भुसावळला नाहीतर जळगावला. दुसऱ्याच्या पिकअपमध्ये आपलं इंजिन घालून न्यायची ही यात्रा काहीशी अपमानाची असते. वाटेत प्रत्येक ओळखीचा माणूस मागे डोकावून "अरेरे" म्हणतो. मशिनवाला मायक्रोमीटर लावतो आणि थाऊत बोलतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रँक दहा थाऊ खाली घासला की त्याला दहा थाऊच्या मापाची बेअरिंग लागतात. पुढच्या वेळी वीस. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाडीचा असतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात ऑइलला जी वाट ठेवतात ती एका केसाच्या आत-बाहेरची. एवढं बारीक मोजून आणलेलं लोखंड मग कडुनिंबाखाली, शेणाने सारवलेल्या खळ्यात, वरून निंबोण्या पडत असताना बसवायचं असतं. त्यावर उपाय म्हणून वर चादर बांधतात. शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकणही लावतात.

जाता जाता एक सरकारी गोष्ट. लायनर, पिस्टन, क्रँक, हेड काहीही बदला, एमएच-19च्या, म्हणजे जळगाव आरटीओच्या, दप्तरात गाडी तीच राहते. पण ब्लॉक बदलला की त्यावर कोरलेला इंजिन नंबर बदलतो, आणि मग 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं; आरटीओकडे नोंद करावी लागते. त्यात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे साहेब नंबर पुसून वाचतो. म्हणून फुटका ब्लॉकसुद्धा माणसं वेल्डिंग करून, टाके घालून जपतात.

भुसावळला रेल्वेचा मोठा कारखाना आहे. तिथे विजेवरची इंजिनं ठरल्या वेळी, चालू स्थितीतच येतात, पूर्ण खोलली जातात, रंगून परत जातात. याला पीओएच म्हणतात. तिथे काम केलेले एखादे निवृत्त काका प्रत्येक गल्लीत असतात, आणि ते याच सुमाराला काठी टेकत खळ्यात येतात. "आमच्याकडे..." इथूनच त्यांचं वाक्य सुरू होतं. आमच्याकडे टॉर्क रेंचशिवाय बोल्टला हात लावत नसत. आमच्याकडे प्रत्येक पार्टाला चिठ्ठी असे. ते चकलीच्या डब्यात डोकावतात आणि मान हलवतात. खरं सांगायचं तर टॉर्क रेंचबद्दल काकांचंच बरोबर आहे. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, सारख्या जोराने आवळले नाहीत तर गॅस्केट एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूला मोकळं राहतं. मग महिनाभरात पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि काडीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. त्या पातळ पत्र्याने एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला ऑइल अडवून धरायचं असतं. मिस्तरी काकांपुढे हात जोडतो, काकांच्याच ओळखीतून टॉर्क रेंच येतो, आणि काका खुर्चीवर बसून मोठ्याने आकडे सांगत राहतात.

सल्ला देणारे काका एकटेच नसतात. उघडलेलं इंजिन हे उघड्या खिडकीसारखं असतं, येणारा-जाणारा आत बघतोच. शेजारी म्हणतो, कायले एवढा खर्च, नुसत्या रिंगा टाकून दे. दुसरा म्हणतो, आता खोललंच आहे तर पाण्याचा पंपही टाक, क्लचप्लेटही बघ, सेल्फही दाखव. "आता खोललंच आहे तर" या चार शब्दांनी आजवर जेवढा खर्च करवला तेवढा रिंगा-लायनरांनी मिळून करवला नसेल. चौथ्या दिवशी इंजिन अजून जमिनीवरच आहे हे दिसल्यावर हिवाळा असेल तर कोणीतरी वांगी आणतो. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतात, वांगी भाजली जातात, आणि परात डिझेलात असल्यामुळे भरीत पातेल्यात होतं. मिस्तरीचे हात साबणाने तीनदा धुऊनही भरताला किंचित डिझेलचा वास येतोच. कोणी तक्रार करत नाही. रुडॉल्फ डिझेलच्या धर्तीचं एक इंजिन 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खान्देशात शेंगदाण्याच्या तेलाने आणि डिझेलने एका ताटात येण्याला तेवढा तरी आधार आहे.

जोडणीला मात्र गप्पा बंद. लायनरला ऑइल चोळलं जातं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दाब सरळ वाट काढतो. मिस्तरी त्यांची तोंडं तीन दिशांना वळवून ठेवतो, भांडलेल्या जावांसारखी. पिस्टन पट्टीने आवळून, लाकडी हातोडीने हलकेच ठोकत आत सरकतो. टायमिंगच्या खुणा जुळवतात, टॅपेटच्या फटीत फिलर गेजची पात घालून बघतात. सातव्या दिवशी, म्हणजे चार दिवसांच्या कामाच्या सातव्या दिवशी, इंजिन कप्पीवरून पुन्हा आपल्या जागी उतरतं.

आता फक्त हवा काढायची. डिझेलच्या नळ्यांत हवा राहिली तर पंप नुसता हवेलाच दाबत बसतो. एक माणूस फीड पंपाचा खटका दाबतो, दुसरा स्क्रू सैल करतो, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. सेल्फ मारतात. घर्र घर्र. पुन्हा. पुन्हा हवा. मग एकदम खाडकन आवाज होतो, कडुनिंबावरचे पक्षी उडतात, इंजिन लंगडत लंगडत चौघांचा सूर धरतं. एक, तीन, चार, दोन, याच क्रमाने सिलिंडर पेटतात. आणि मागून धूर निघतो.

सगळं खळं मागे धावतं. "निया!" कोणीतरी ओरडतो.

मालकाचा चेहरा पडतो. काका "मी म्हटलं होतं" या वाक्याचा पहिला शब्द उच्चारतात. मिस्तरी शांतपणे फडक्याला हात पुसतो. जोडताना लायनरला, पिस्टनला आणि व्हॉल्वना चोळलेलं ऑइलच आधी जळणार, दुसरं काय जळणार? वीसेक मिनिटांनी धूर विरळ होतो, मग दिसेनासा होतो. ज्यांनी निया म्हटलं ते आता "म्या तं आधीच सांगितलं व्हतं, जाईल म्हनून" असं एकमेकांना सांगत घरी जातात.

नव्या रिंगा लायनरला बसेपर्यंत गाडी पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर न्यायची नाही, ओव्हरलोड करायची नाही आणि मग ऑइल बदलायचं, असं मिस्तरी बजावतो. तेव्हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सावद्यापासून यावलपर्यंत कुठेही, अर्धाच माल भरलेली जुनी पिकअप डाव्या कडेने रांगताना दिसली, चालवणाऱ्याच्या नखांत काळं ऑइल दिसलं आणि मागे धूर दिसला नाही, तर कृपया उजवीकडून निघून जावं. हॉर्न वाजवू नये.